टिकलीला दहा झाली, सिंधू

सिंधू, आधी आपलं भांडण पुरं करू. रडायचं ते बाकीच्यांनी रडून घेतलं. जे कधी तुझ्या दाराशी उभे राहिले नाहीत, नाकाला पदर लावून नाल्याच्या पलीकडून गेले, तेच तुझ्या तेरवीला पंगतीत बसून "लय कष्टाळू होती बिचारी" म्हणत होते आणि वरण वाढून मागत होते. मला त्यांचा राग आला. तुझाही आला. अंगात तीन दिवस ताप, आणि तू दवाखान्यात गेली नाहीस, कारण डुकरीण व्यायला झाली होती. लोकांनी यवतमाळला नेलं तोवर तुला माणसं ओळखू येत नव्हती. डुकरीण सुटली, तू गेलीस. ही कुठली अक्कल?

तू माझी सून होतीस, पण त्याच्या आधी माझ्या भावाची मुलगी होतीस. मीच तुला मागून आणलं. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, ही आपल्याकडची रीत. पोरगी घरातलीच, तिचा स्वभाव माहीत, व्याही म्हणजे आपलाच भाऊ, मानपानावरून रुसवे नाहीत. माझा भाऊ आढेवेढे घेत होता. तू सातवी झाली होतीस, तुला पुढे शिकायचं होतं, दारव्ह्याला मामाकडे राहून शिकीन म्हणत होतीस. मी भावाला म्हटलं, बहीण पदर पसरून आली आहे, तिला रिकामी पाठवतोस का? त्याने नाही पाठवलं. तुला कोणी विचारलं नाही. मलाही माझ्या लग्नात कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मला ते खटकलं नाही.

मग चार वेळा तुझं पोट राहिलं. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्यात. तिसरं दिवस भरून आलं, मुलगा होता, दोन दिवस जगला. चौथं सातव्यात मेलेलंच आलं. तिसऱ्याला मीच जुन्या लुगड्यात गुंडाळून नाल्याकाठी नेलं. जाताना तू म्हणालीस, आत्याबाई, एकदा तोंड पाहू द्या. मी म्हटलं, पाहून काय करशील, आणि निघाले. मला वाटलं मी तुला दुःखातून वाचवते आहे. खरं सांगायचं तर मला घाई होती. शेतात निंदणाला बाया लागल्या होत्या.

त्यानंतर मी जे बोलत फिरले ते इथे लिहिते. ज्यांनी ऐकलं ते एकेक करून मरत चालले आहेत आणि मीही फार दिवसांची नाही. मी म्हटलं, सिंधूचं पोट नासकं आहे. विहिरीवर म्हटलं, हळदीकुंकवाला म्हटलं, माझ्या भावाच्या तोंडावर म्हटलं. तो त्याच वर्षी गेला. प्रभाकर, माझा मुलगा आणि तुझा नवरा, तोंड उघडत नव्हता. तुझ्या बाजूने बोलला नाही आणि माझ्याही बाजूने बोलला नाही. त्याला वाटत होतं गप्प बसलेल्या माणसाला दोष लागत नाही.

त्याला मी दुसरी करून आणली. लता परक्या गावची, नात्याची ना गोत्याची. तिला पहिल्याच वर्षी दिवस गेले. तिच्या डोहाळजेवणाला तू धुतलेलं लुगडं नेसून कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झालीस. मी तुझा हात धरून बाजूला सारलं. जोरात धरला होता, दोन बांगड्या फुटल्या. बाया खाली पाहत होत्या. तू काच वेचलीस, ओच्यात घेतलीस आणि मागच्या दाराने गेलीस. लताला वैशाली झाली, मग मुलगा झाला. गावाला पुरावा मिळाला. प्रभाकर तोच, बाई बदलली आणि पाळणा हलला. मग दोष कोणाचा, हे कोणाला विचारायची गरज राहिली नाही. तुला नाल्याकाठचं दोन एकर आणि टिनाची खोली दिली. दिली म्हणायचं. घराबाहेर काढलं, असं म्हणायला कोणी धजत नव्हतं.

तिथे तू कित्येक वर्षं पऱ्हाटी लावलीस. मग ती बोंडअळीची वर्षं आली. बोंड हातात घेऊन फोडलं की आत किडीची घाण. आपल्या बोरी अरबच्या बाजूला काय, तिकडे घाटंजीला काय, सगळीकडे तेच. त्या वर्षांत जिल्ह्यात गाड्याच गाड्या यायच्या. कॅमेरे यायचे, साहेब यायचे, खुर्च्या मांडल्या जायच्या, पुरुषांना प्रश्न विचारले जायचे. नाल्याकाठी एकटी राहून शेत कसणाऱ्या बाईला एकाही साहेबाने विचारलं नाही की बाई, तू काय पेरलंस आणि तुझ्या हाती काय आलं. तू वाटही पाहिली नाहीस. यवतमाळला सात दिवसांचं शिक्षण घेऊन आलीस आणि टेम्पोतून पाच पांढऱ्या डुकरिणी आणि एक नर उतरवून घेतलास.

गाव हसलं, मग गावाने तोंड फिरवलं. शेतकऱ्याच्या घरची बाई डुकरं पाळते, हे आम्हाला पोट नासकं असण्यापेक्षा मोठं वाटलं. मी निरोप धाडला की आता माझ्या फाटकाच्या आत यायचं नाही. तू उलटा निरोप दिलास, "आत्याबाईले सांगा, मी आत कवा होती थे एकदा आठवून पाहा." निरोप आणणारी बाई पदरात तोंड घालून हसली. मी चिडले. 

तुझं डुकरांचं काम चांगलं चाललं, हे मला लोकांकडून कळायचं. गव्हाण रोज धुतेस, व्यायच्या आधी खाली कोरडं तणस टाकतेस, पिल्लं आईखाली चेंगरू नयेत म्हणून बाजूला लाकडाच्या बल्ल्या बांधल्यास. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, एवढी डुकरिणीची मुदत. तू खोलीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायचीस. एक चूक मात्र केलीस. पहिल्या पाचांना मुली झाल्या, त्या मोठ्या झाल्या, तेव्हा तू त्यांनाही तोच नर लावलास. त्यांचा बाप. घरचा नर घरात आहे, बाहेरून कायले आणाचा, असं म्हणालीस म्हणे. ही चूक आपल्या घरात वाढलेल्या बाईलाच सुचावी. आपण माणसांची लग्नं तशीच लावतो.

त्यातली टिकली तुझी लाडकी, पाठीवर काळा ठिपका असलेली. पहिल्या वेताला तिला तीन पिल्लं झाली आणि त्यांच्याबरोबर पाच वाळलेली, काळी, बोटभर. पोटातच सुकलेली. दुसऱ्या वेताला दोन जिवंत, सहा सुकलेली. डुकरं न्यायला येणारा माणूस म्हणाला, ही डुकरीण नासकी आहे, हिला काढून टाक. त्याला काय ठाऊक की तो शब्द आधी कोणाला लागला होता. तू त्याला म्हणालीस, गाडी रिकामी जाऊ दे, टिकली नाही मिळणार.

तेव्हा जनावरांच्या कॉलेजातून एक डाक्टरीण येत होती. तरुण पोरगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एका डुकरिणीला बारा पिल्लं होतात आणि दुसरीला चार, एकीची टिकतात आणि दुसरीची पोटात मरतात, त्यांच्या अंगातल्या जनुकांत फरक काय, हे तिला शोधायचं होतं. गाभणपण धरून ठेवणारी जनुकं वेगळी असतात म्हणे. ती डुकरांच्या कानाचा तुकडा घ्यायची, छोट्या नळीत ठेवायची. तिने तुला सांगितलं, टिकलीला तिचा बाप लावू नको, बाहेरचा नर आण. तू घाटंजीकडच्या एका डुकरंवाल्याकडून नर आणलास. टिकलीला दहा झाली. दहाही जिवंत.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की वैशालीचं लग्न ठरवायचं आहे. माझी मुलगी कुंदा नेरला दिलेली, तिचा मुलगा नितीन. वैशालीचा आतेभाऊ. पोरगा शिकलेला, निर्व्यसनी. कुंदाने मागणी घातली, जशी मी भावाकडे घातली होती. साक्षगंधाची बोलणी चालली होती आणि तू फाटकाशी येऊन उभी राहिलीस. कपाळावर घाम, पायाला चिखल. आत आली नाहीस. तिथूनच मला हाक मारलीस.

"आत्याबाई, वैशालीले नितीनच्या घरी देऊ नोका."

मी विचारलं, तुला काय करायचं आहे?

"पोटातलं लेकरू वाढवाचे हुकूम रक्तातूनच येतेत. एक मायकडून येते, एक बापाकडून. एक खराब असला तं दुसरा चालवून घेते. दोन्ही खराब आले का लेकरू आतच सुकते. अन् माय न बाप एकाच घरातले असले का दोन्ही खराब यायचा धोका वाढते. माह्या टिकलीचं तसंच झालं."

तुला सांगायची रीत कधी कळली नाही. दारात पाहुणे, आत कुंदा, आणि तू टिकलीचं नाव घेतलंस. मी म्हटलं, "आमची पोट्टी डुकरीन हाय का?" कुंदा बाहेर आली आणि म्हणाली, वहिनी, स्वतःला झालं नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं वाईट कायले चिंतता? तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्याकडे पाहत राहिलीस. मी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाल्याकाठी आले. तुला वाटलं असेल म्हातारीला पटलं. पटलं नव्हतं. साक्षगंधाच्या दिवशी तोंड दाखवू नकोस, हे सांगायला आले होते. डाक्टरीण तिथेच होती. टिकली आडवी पडली होती आणि पिल्लं ओळीने लागली होती. मी मोजली. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीने मोजली. दहा.

डाक्टरिणीला मी विचारलं, हिच्या टिकलीत खोट होती ना, मग गेली कुठे? ती म्हणाली, खोट गेली नाही आजी, असलीच तर टिकलीत अजून आहे आणि तिच्या बापातही आहे. दोघांत एकेक. एकट्याच्या अंगात ती काही करत नाही. हाच नर टिकलीच्या आईला लागला तेव्हा नऊ चांगली झाली होती. तपासणीचा निकाल यायला वर्ष लागेल, पण वेत पाहून तरी असंच दिसतं. मी विचारलं, माणसाचं? ती सावध पोरगी. म्हणाली, यांच्या बाबतीत काय झालं ते मी सांगू शकत नाही, यांचं रक्त कोणी तपासलं नाही, आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात असं होतंच असंही नाही. पण धोका वाढतो, हे माणसांचे डॉक्टरही सांगतात.

तू बादलीतून कोंडा ओतत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तुमच्या लेकाचं बी काई वाईट नव्हतं, आत्याबाई. लताले झाले ना दोन. मले बी झाले असते. दुसऱ्या घरी."

मी म्हटलं, काहीही बोलतेस. आणि घरी आले.

हे आपलं शेवटचं बोलणं. पुढे चार महिने मी तुझ्याकडे फिरकले नाही आणि साक्षगंधही मोडलं नाही. पितृपक्ष आहे, मग सोयाबीन काढायचं आहे, मग कुंदाच्या घरी कोणी आजारी आहे, असं म्हणत पुढे ढकललं. मला कळलं होतं, सिंधू. त्याच दुपारी नाला ओलांडताना कळलं होतं. लता परकी होती म्हणून तिचा पाळणा हलला, आणि ज्या पुराव्यावर तुला घराबाहेर काढलं तो पुरावा तुझ्या विरुद्ध नव्हताच. प्रभाकरमध्ये तेवढंच होतं जेवढं तुझ्यात, आणि ते दोघांत माझ्याच माहेराकडून आलं. प्रभाकरमध्ये तर माझ्यातूनच आलं असेल. मीच तुम्हा दोघांना एकत्र बांधलं, मीच तुला नासकी म्हटलं. हे कोणापुढे बोलायचं म्हणजे आधी स्वतःला काय म्हणायचं ते ठरवावं लागलं असतं. मी ठरवत बसले. तू ताप अंगावर काढत बसलीस.

तुझं रक्त कोणी तपासलं नाही, हे खरं. चार लेकरं कशाने गेली ते आता कोणीच सांगू शकणार नाही. कुंदा हेच म्हणते, पुरावा काय? पण मी तुझ्या पोटाला नाव ठेवलं तेव्हा कोणी पुरावा मागितला होता? तेव्हा डाक्टरीण लागली नाही, नळ्या लागल्या नाहीत. बाईच्या अंगावर टाकायचं असलं की सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं.

आणि तुझ्यावरही राग आहे तो हा. एवढं कळल्यावर फाटकाशी एकदाच कशी आलीस? रोज यायचं होतंस. पाहुण्यांसमोर माझं नाव घेऊन ओरडायचं होतंस. डोहाळजेवणाच्या दिवशी तू माझ्या हाताला हिसका दिला असतास तर कदाचित मी घाबरले असते. तू काच वेचलीस. तुझ्या त्या सोसण्याचं गाव कौतुक करतं. मी करणार नाही. तुझ्या गप्प राहण्याने माझं फावलं.

तुझ्या तेरवीला पंगती उठल्यावर घरचे तेवढे बसले होते. कुंदा म्हणाली, आता हेही झालं, साक्षगंधाची तारीख धरून टाकू. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, कोणता महिना धरायचा मग? मी म्हटलं, कोणताच नाही, वैशाली नितीनला द्यायची नाही.

कुंदा उभीच राहिली. "त्या डुकरंवालीचं ऐकून तू माह्या पोराचं लगन मोडतं, माय?"

"हाव," मी म्हटलं.

प्रभाकर उठून बाहेर निघाला, त्याच्या सवयीप्रमाणे. मी त्याला खाली बसवलं. मग लतासमोर, कुंदासमोर, तुझ्या माहेरच्या दोघांसमोर म्हटलं, "सिंधूचं पोट नासकं नव्हतं. मी बोलली थे खोटं होतं. चार लेकरं गेली थे तिची होती तेवढीच परभाकरची होती, अन् हे लगन मी लावलं होतं." कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या आजी, गेलेल्या माणसाचं आता काय. मी म्हटलं, गेलेल्या माणसाचं नाही बोलत मी, माझं बोलते आहे. प्रभाकर म्हणाला, मला माहीत नव्हतं, माय. मी विचारलं, तू कधी विचारलं होतंस? तो रडला. त्याला रडू दिलं. कोणी पाणीही नेऊन दिलं नाही.

कुंदा दुपारच्या बसने नेरला गेली. पाया पडली नाही. माझ्या मेल्यावरही येणार नाही म्हणाली. येईल, न येईल.

पण तुला जे सांगायचं आहे ते वैशालीचं. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं होईल. तिला नितीन आवडतो, सिंधू. लहानपणापासून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही, नेहमीप्रमाणे, पोरीला विचारलं नव्हतं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, मोठ्या आईने मला स्वतः का नाही सांगितलं? मी म्हटलं, ती सांगायला आली होती, मी तिला फाटकातून हाकललं. तिने विचारलं, तिची लेकरं किती गेली? मी चारही सांगितली, महिन्यांसकट. दोन दिवस जगलेल्याचंही सांगितलं, आणि तुला त्याचं तोंड पाहू दिलं नाही हेही. ती ऐकत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

मग म्हणाली, "आजी, लगन मी नाई करत नितीनशी. तू म्हनतं म्हनून नाई. मोठ्या आईसाठी. पन तुह्यासंग मी आता बोलनार नाई."

उठून गेली. त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. ताट माझ्यापुढे ठेवते आणि जाते. लता मध्ये पडायला आली तर मी तिला थांबवलं. या घरात एका पोरीने मला पहिल्यांदा माझ्या तोंडावर उत्तर दिलं आहे, तिला ते मागे घ्यायला लावू नका, असं सांगितलं.